गुदाशयाचा कर्करोग : लसीकेच्या वाटा आणि उपचारांच्या सीमा

गुदाशय हा मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा भाग. कमरेच्या मणक्यांखालच्या त्रिकास्थीला पाठ लावून तो ओटीपोटात उतरतो आणि तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या गुदमार्गातून बाहेर उघडतो. त्याच्या पुढे पुरुषांमध्ये मूत्राशय आणि प्रोस्टेट, तर स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि योनी असते. दोन्ही अंगांना हाडांच्या भिंती, त्यांना लागून मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचे जाळे. इतक्या अडचणीच्या जागेत कर्करोगाची गाठ झाली की ती केवढी आहे एवढेच पाहून भागत नाही. तिच्या पेशी कोणत्या वाटेने बाहेर पडल्या असतील, हेही ठरवावे लागते. या वाटांपैकी सर्वांत महत्त्वाची वाट लसीकावाहिन्यांची. शस्त्रक्रियेत किती भाग काढायचा, किरणोपचार कुठवर द्यायचा, गुदद्वार वाचवता येईल की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या वाहिन्यांच्या रचनेत आहेत.

लसीका म्हणजे काय?

रक्त केशवाहिन्यांमधून फिरताना त्यातील थोडा द्रव भोवतालच्या ऊतींमध्ये पाझरतो. त्यातला बराचसा शिरांमधून परत जातो आणि उरलेला अतिशय पातळ भिंतींच्या लसीकावाहिन्या गोळा करतात. हाच द्रव म्हणजे लसीका. दिवसभरात दोन ते चार लिटर लसीका अशी गोळा होऊन छातीतील मुख्य वाहिनीतून मानेच्या तळाशी पुन्हा रक्तात मिसळते. वाटेत ठिकठिकाणी लसीकाग्रंथी असतात. त्यांचा आकार ज्वारीच्या दाण्यापासून वालाएवढा असू शकतो. त्यांच्यातील प्रतिकारपेशी लसीकेतून आलेले जंतू आणि परक्या पेशी अडवतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येते, ते या ग्रंथी सुजल्यामुळेच.

कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून सुटल्या, तर लसीकावाहिन्यांच्या विरळ भिंतींमधून त्या सहज आत शिरतात आणि पहिल्या ग्रंथीत जाऊन अडकतात. तिथे मरून न जाता त्या वाढू लागल्या की ती ग्रंथीच नवे केंद्र बनते. अवयवातली लसीका कोणत्या ग्रंथींकडे जाते हे माहीत असेल, तर रोग पुढे कुठे आढळेल याचा अंदाज बांधता येतो.

भिंतीच्या थरांमधून बाहेर

गुदाशयाच्या भिंतीत आतून बाहेर चार थर असतात : पातळ अस्तर, त्याखालचा सैल थर, स्नायूंचा थर आणि बाहेरची चरबी. मोठ्या आतड्याच्या अस्तरात लसीकावाहिन्या फारच कमी असतात. त्यामुळे केवळ अस्तरापुरता असलेला रोग सहसा ग्रंथींपर्यंत पोहोचत नाही. गाठीचा तेवढा भाग काढला की काम भागते. अस्तराखालच्या सैल थरात मात्र लसीकावाहिन्यांचे दाट जाळे असते. रोग तिथवर गेला की ग्रंथीबाधेची शक्यता सुरू होते आणि खोलीबरोबर ती वाढत जाते. या थराच्या वरच्या तृतीयांशात ती शेकडा तीनच्या आसपास असते, तर खालच्या तृतीयांशात शेकडा वीसच्या वर जाते. म्हणूनच दुर्बिणीतून काढलेल्या छोट्या गाठीचा अहवाल पाहताना डॉक्टर तिच्या रुंदीपेक्षा खोलीकडे अधिक लक्ष देतात. जवळच्या लसीकावाहिनीत कर्करोगाच्या पेशी दिसल्या आहेत का, हेही ते पाहतात.

वर, बाजूला, खाली

भिंतीबाहेर पडल्यावर लसीका सामान्यतः रक्तवाहिन्यांच्या सोबतीने तीन दिशांना जाते.

मुख्य वाट वर जाणारी आहे. गुदाशयाला रक्त पुरवणारी वरची धमनी मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीतून निघते आणि ती धमनी थेट महाधमनीला जोडलेली असते. लसीका याच मार्गाने उलट वर चढते. आधी गुदाशयालगतच्या ग्रंथी, मग धमनीच्या कडेच्या, मग तिच्या मुळाशी असलेल्या आणि शेवटी महाधमनीभोवतीच्या ग्रंथी, असा हा क्रम. गुदाशयाच्या वरच्या आणि मधल्या भागाची जवळजवळ सगळी लसीका या वाटेने जाते.

दुसरी वाट बाजूची. गुदाशयाच्या खालच्या भागातील थोडी लसीका मधल्या रक्तवाहिन्यांच्या सोबतीने ओटीपोटाच्या दोन्ही भिंतींकडे जाते. तिथे अंतर्गत श्रोणिधमनीच्या कडेला आणि मांडीच्या सांध्याजवळच्या हाडातील मोठ्या छिद्रालगत ग्रंथींचे समूह आहेत. गाठ जितकी खाली आणि जितकी खोल, तितकी या बाजूच्या ग्रंथी बाधित होण्याची शक्यता जास्त.

तिसरी वाट खालची. गुदमार्गाच्या मधोमध अस्तराच्या घड्यांनी बनलेली एक दातेरी रेषा असते. गर्भावस्थेत आतड्याचा भाग आणि बाहेरच्या त्वचेचा भाग जिथे जुळतात, ती ही जागा. लसीकेच्या दृष्टीने या रेषेचे काम सह्याद्रीच्या माथ्यासारखे आहे : माथ्याच्या एका अंगाला पडलेले पाणी अरबी समुद्राला मिळते आणि दुसऱ्या अंगाचे बंगालच्या उपसागराला. दातेरी रेषेच्या वरची लसीका ओटीपोटात जाते, खालची मांडीच्या मुळाशी असलेल्या जांघेतील ग्रंथींकडे. या दोन क्षेत्रांत थोडी सरमिसळ असते. वरच्या ग्रंथी रोगाने तुंबल्या तर लसीका उलटी वाहून अनपेक्षित ठिकाणीही रोग पोहोचू शकतो, पण हे सहसा रोग बराच वाढल्यावर घडते.

रक्ताच्या वाटाही याच रेषेजवळ फुटतात. गुदाशयाच्या वरच्या भागातील रक्त यकृताकडे जाते, तर अगदी खालच्या भागातले रक्त यकृताला वगळून थेट हृदयाकडे आणि तिथून फुफ्फुसांत. म्हणून खालच्या गाठींमध्ये फुफ्फुसांची तपासणी विशेष काळजीने केली जाते.

मेसोरेक्टम : चरबीचे वेष्टन

वर जाणाऱ्या वाटेचा पहिला टप्पा गुदाशयाभोवतीच्या चरबीत असतो. या चरबीला वैद्यकात मेसोरेक्टम म्हणतात. गुदाशयाच्या मागे आणि बाजूंना ती जाड, पुढे पातळ असते आणि खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंपाशी निमुळती होत संपते. वरची धमनी, तिची शीर, लसीकावाहिन्या आणि बहुतेक स्थानिक ग्रंथी याच चरबीत असतात. या सगळ्याभोवती एक पातळ, चकाकणारे आवरण असते. आवरणाबाहेर सैल ऊतींचा एक थर आहे आणि त्यापलीकडे मूत्राशय व जननेंद्रियांचे नियंत्रण करणारे मज्जातंतू.

या रचनेमुळे रोगाचा फैलाव बराच काळ आवरणाच्या आतच राहतो. त्याच वेळी आवरणाबाहेरच्या सैल थरातून गेल्यास मज्जातंतूंना धक्का न लावता, फारसा रक्तस्राव न होता, सारे वेष्टन अखंड बाहेर काढता येते. आजच्या शस्त्रक्रियेचा हाच पाया आहे, पण तो स्पष्ट व्हायला विसाव्या शतकातील बरीच दशके गेली.

माइल्स ते हील्ड

रुमानियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ दिमित्रिए जेरोटा यांनी गुदाशय आणि गुदद्वार यांच्या लसीकावाहिन्यांचे वर्णन १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी गुदाशयाचा कर्करोग खालून, म्हणजे गुदद्वाराच्या बाजूने कापून काढला जाई. लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी अशा ५७ शस्त्रक्रियांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यातल्या ५४ रुग्णांमध्ये रोग परतल्याचे त्यांना आढळले. मृत रुग्णांच्या शवविच्छेदनात रोग ठराविक जागी दिसत होता आणि त्यातल्या बऱ्याचशा जागा खालून हात न पोहोचणाऱ्या होत्या. माइल्स यांनी वरचा, बाजूचा आणि खालचा असे फैलावाचे तीन पट्टे मांडले आणि तिन्ही काढून टाकणारी शस्त्रक्रिया १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय, गुदद्वार आणि भोवतालच्या ऊती काढायच्या आणि शौचाचा मार्ग कायमचा पोटावर आणायचा, अशी ही पद्धत. सुरुवातीला ती अतिशय जोखमीची होती, तरी रोग परतण्याचे प्रमाण घटल्यामुळे पुढे अनेक दशके हीच प्रमाण पद्धत ठरली.

माइल्स यांच्या नकाशातला खालचा पट्टा मात्र वास्तवापेक्षा मोठा दाखवला गेला होता. लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स यांनी काढलेल्या गुदाशयांमधील ग्रंथी एकेक शोधून तपासल्या. रोग प्रामुख्याने वरच्या दिशेने, एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जातो आणि खाली क्वचितच उतरतो, असे त्यांना दिसले. त्यांनी १९३२ मध्ये मांडलेले अ, ब, क हे वर्गीकरण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भिंतीपुरता रोग, भिंतीबाहेर पडलेला रोग आणि ग्रंथींमध्ये गेलेला रोग, असे त्याचे तीन वर्ग आहेत. ग्रंथीबाधा ही रोगाच्या भवितव्याची मोठी खूण आहे, हे त्यातून ठसले.

रोग खाली फारसा उतरत नसेल, तर वरच्या गाठीसाठी गुदद्वार काढण्याचे कारण उरत नव्हते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे क्लॉड डिक्सन यांनी १९४८ मध्ये वरच्या भागातील गाठ काढून आतड्याची टोके पुन्हा जोडण्याच्या पद्धतीचा मोठा अनुभव मांडला. गाठीखाली किमान पाच सेंटिमीटर निरोगी आतडे काढावे, असा नियम त्या काळी रूढ होता. भिंतीतून रोग खाली दोन सेंटिमीटरांपलीकडे क्वचितच जातो, हे पुढे कळल्यावर तो नियम सैलावला. तरीही शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटात रोग परतण्याचे प्रमाण बऱ्याच ठिकाणी शेकडा वीस-तीसच्या घरात राहिले.

याचे कारण इंग्लंडमधील बेसिंगस्टोकचे बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये पुढे आणले. त्यांनी पाच रुग्णांची उदाहरणे दिली. या रुग्णांमध्ये गाठीच्या खालच्या कडेपासून काही सेंटिमीटर खाली, मेसोरेक्टमच्या चरबीत कर्करोगाची सूक्ष्म बेटे सापडली होती. म्हणजे आतड्याची भिंत पुरेशी कापली, तरी भोवतालची चरबी मागे राहिली तर रोगही मागे राहणार. शल्यविशारद त्या काळी ओटीपोटात हाताने ऊती सोडवत, त्यात हे वेष्टन फाटून त्याचे तुकडे आतच राहत. हील्ड यांनी आवरणाबाहेरच्या सैल थरातून, डोळ्यांनी पाहत, धारदार कात्रीने संपूर्ण मेसोरेक्टम अखंड काढण्याची पद्धत रुजवली. त्यांच्या रुग्णांमध्ये स्थानिक पुनरुद्भवाचे प्रमाण शेकडा पाचच्या खाली आले. मज्जातंतू वाचल्यामुळे लघवीच्या आणि लैंगिक तक्रारीही घटल्या. आज मधल्या आणि खालच्या भागातील गाठींसाठी संपूर्ण मेसोरेक्टम काढतात, तर वरच्या गाठींसाठी गाठीखाली पाच सेंटिमीटरपर्यंतचा.

लीड्सचे विकृतिशास्त्रज्ञ फिल क्वर्क यांनी १९८६ मध्ये याला दुसऱ्या बाजूने दुजोरा दिला. काढलेल्या भागाचे आडवे काप करून त्यांनी वेष्टनाच्या सर्व बाजूंची कड तपासली. ५२ पैकी १४ रुग्णांमध्ये रोग कडेपर्यंत पोहोचला होता आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना ओटीपोटात रोग परतला. तोवर वरच्या-खालच्या टोकांवर भर दिला जात असे. त्यानंतर भोवतालच्या कडेला महत्त्व आले. गाठ किंवा बाधित ग्रंथी या कडेपासून एक मिलिमीटर वा त्याहून जवळ असेल, तर कड बाधित मानतात.

एमआरआय आणि किरणोपचार

ही कड शस्त्रक्रियेआधीच दिसावी यासाठी आज ओटीपोटाचा एमआरआय केला जातो. मेसोरेक्टमची चरबी, तिचे आवरण, आतल्या ग्रंथी आणि बाजूच्या भिंतीवरील ग्रंथी त्यात वेगवेगळ्या दिसतात. ग्रंथींचा आकार मात्र फसवा असतो. मेसोरेक्टममधल्या कित्येक बाधित ग्रंथी पाच मिलिमीटरहून लहान असतात आणि नुसत्या सुजलेल्या निरोगी ग्रंथी त्याहून मोठ्या. म्हणून आकारासोबत ओबडधोबड कडा, गोलाकार आणि आतील असमान छटा, ही लक्षणेही पाहिली जातात.

रोग आवरणाच्या जवळ असेल किंवा ग्रंथी बाधित वाटत असतील, तर बहुधा शस्त्रक्रियेआधी किरणोपचार दिला जातो. त्याचा पट्टाही लसीकेच्या नकाशावरूनच आखतात. मेसोरेक्टम, त्रिकास्थीपुढील जागा आणि अंतर्गत श्रोणिधमनीच्या ग्रंथी त्यात घेतल्या जातात. गाठ पुढच्या अवयवांत घुसली असेल, तर बाह्य श्रोणिधमनीच्या ग्रंथींचाही विचार होतो. नेदरलँड्समध्ये १८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार मेसोरेक्टम नीट काढल्यावर दोन वर्षांत स्थानिक पुनरुद्भव शेकडा ८.२ होता, आधी पाच दिवस किरणोपचार दिल्यावर तो २.४ वर आला. पाठोपाठ २००४ मध्ये एका जर्मन चाचणीत दिसले की किरण आणि औषधे शस्त्रक्रियेनंतर देण्यापेक्षा आधी दिल्यास स्थानिक पुनरुद्भव कमी होतो : पाच वर्षांत शेकडा १३ ऐवजी ६.

बाजूच्या ग्रंथींचा वाद

मेसोरेक्टम कितीही निगुतीने काढला, तरी बाजूच्या भिंतींवरील ग्रंथी आवरणाबाहेरच राहतात. त्यांचे काय करावे, यावर जपान आणि पाश्चात्त्य देश यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. या ग्रंथी स्थानिक रोगाचाच भाग आहेत असे मानून जपानी शल्यविशारद खालच्या भागातील खोल गाठींमध्ये त्या काढत आले. तिथे पोहोचणे लसीकेच्या पहिल्या वाटेइतके सोपे नाही : रक्तस्राव जास्त होतो, वेळ जास्त लागतो आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते. युरोप-अमेरिकेत तिथला रोग हे सर्वदूर फैलावाचे लक्षण मानून किरणोपचारावर भिस्त ठेवली गेली.

जपानमध्ये ७०१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत बाजूच्या ग्रंथी मोठ्या न दिसणारेच रुग्ण घेतले होते आणि कोणालाही आधी किरणोपचार दिला नव्हता. ग्रंथी काढलेल्या गटात स्थानिक पुनरुद्भव शेकडा ७.४, तर न काढलेल्या गटात १२.६ होता. पाच वर्षांनी रोगाविना जगणाऱ्यांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखे राहिले. त्यानंतर २०१९ मध्ये सात देशांतील बारा केंद्रांच्या एकत्रित अभ्यासातून एक व्यवहार्य सीमा पुढे आली. पहिल्या एमआरआयमध्ये बाजूच्या ग्रंथीची आडवी रुंदी सात मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर किरणोपचार आणि मेसोरेक्टमची शस्त्रक्रिया होऊनही पाच वर्षांत शेकडा सुमारे २० रुग्णांमध्ये त्या बाजूला रोग परतला. जिथे त्या ग्रंथीही काढल्या, तिथे हे प्रमाण सहाच्या आत राहिले. त्यामुळे सरसकट सर्वांच्या ग्रंथी काढणे किंवा सर्वांच्या सोडून देणे, यापेक्षा संशयास्पद ग्रंथी असलेले रुग्ण निवडून त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया करण्याकडे कल वाढला आहे.

दातेरी रेषेच्या खाली

गुदमार्गाचा कर्करोग बहुधा त्वचेसारख्या चपट्या पेशींचा असतो. त्याची लसीका जांघेत जात असल्याने उपचारांचे सारे गणितच बदलते. पूर्वी यालाही माइल्स यांची शस्त्रक्रिया करत. डेट्रॉइटचे नॉर्मन नायग्रो यांनी १९७४ मध्ये दाखवले की औषधे आणि किरण एकत्र दिल्यास ही गाठ पूर्ण विरघळू शकते. आज बहुतेक रुग्णांना हाच पहिला उपचार दिला जातो. किरणोपचाराच्या पट्ट्यात ओटीपोटातील ग्रंथींसोबत दोन्ही जांघाही घेतल्या जातात. गुदाशयाच्या गाठीत जांघेचा समावेश क्वचितच लागतो. गाठ खाली उतरून दातेरी रेषा ओलांडत असेल तेव्हा तो विचार होतो.

शौचातून रक्त पडणे हे मूळव्याधीचे लक्षण असते तसे या दोन्ही कर्करोगांचेही असते. बोटाने केलेल्या साध्या तपासणीत खालच्या बऱ्याच गाठी हाताला लागतात. गुदमार्गाच्या गाठीचा संशय असेल, तर त्याच वेळी जांघेतील ग्रंथीही चाचपून पाहिल्या जातात.

ग्रंथींची मोजणी आणि अवयव वाचवणे

शस्त्रक्रियेनंतर काढलेला भाग विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो. चरबीतून किमान बारा ग्रंथी शोधून तपासाव्यात, असा संकेत आहे. कमी ग्रंथी तपासल्या तर बाधित ग्रंथी नजरेतून सुटण्याची शक्यता राहते. किरणोपचारानंतर ग्रंथी आक्रसतात, त्यामुळे तेव्हा संख्या कमी भरू शकते. एक ते तीन ग्रंथी बाधित असतील तर एन-१, चार किंवा अधिक असतील तर एन-२ अशी नोंद होते. एक जरी ग्रंथी बाधित असेल आणि रोग दूरच्या अवयवांत गेला नसेल, तर तो तिसऱ्या टप्प्याचा ठरतो. ग्रंथी न उरता चरबीत सुटे दिसणारे कर्करोगाचे पुंजकेही स्वतंत्रपणे नोंदले जातात. औषधोपचार द्यायचा की नाही, आणि किती, हे ठरवताना ही नोंद निर्णायक असते.

ब्राझीलमधील साओ पाउलोच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये याच्याही पुढचा प्रश्न उपस्थित केला : औषधे आणि किरणांनी गाठ पूर्ण नाहीशी झाली, तर शस्त्रक्रिया करावीच का? त्यांच्या २६५ रुग्णांपैकी ७१ जणांमध्ये गाठ दिसेनाशी झाली होती. त्यांना शस्त्रक्रिया न करता बारकाईने देखरेखीखाली ठेवले. आक्षेप साहजिक होता. भिंतीतली गाठ गेली तरी मेसोरेक्टममधल्या ग्रंथींत रोग लपून राहिला तर? अशा ८८० रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांमध्ये रोग परतला, पण त्यातला ९७ टक्के आतड्याच्या भिंतीतच होता, म्हणजे बोटाने आणि दुर्बिणीने सापडण्याजोगा. म्हणून या मार्गावरील रुग्णांची पहिली काही वर्षे दर काही महिन्यांनी बोटाने आणि दुर्बिणीने तपासणी होते, आणि भिंतीपलीकडच्या ग्रंथींवर नजर ठेवण्यासाठी एमआरआयही केला जातो. रोग परतलाच, तर मेसोरेक्टमची शस्त्रक्रिया तेव्हाही बहुतेकांमध्ये करता येते.